दिवा विझला, पण कूलर भरला का?

गॅरेजात दोन वर्षं झाल्यावर मी पहिला ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर, बसवला. 1.2 लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक होती. मालकाला ती कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पळवायची होती. काम झालं, सेल्फ मारला, ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लगेच विझला. खाली वाकून बघितलं, थेंबभरही गळती नव्हती. धनकवडीतून ट्रायलला निघालो. कात्रजच्या जुन्या घाटात चढाला लागलो आणि तोच दिवा क्षणभर लुकलुकला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. थोडा वेळ थांबून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली, तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं.

परत आल्यावर उस्तादांनी एकच विचारलं, "कूलर ऑइलने भरून लावलास का रे?" मी भरला नव्हता. या कामाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला मला आधी हेच सांगायचंय.

ऑइल फिल्टरच्या आणि इंजिन ब्लॉकच्या मध्ये जी सँडविच प्लेट बसते, तिच्यातून ऑइल कूलरकडे जातं. तिच्यात थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप, असतो. ऑइल साधारण 80 अंशांवर गेलं की तो उघडतो. तोवर कूलरकडे जेमतेम धार जाते. म्हणजे थंड इंजिनवर दिवा विझला तो जुन्याच मार्गातल्या दाबामुळे. कूलर आत रिकामाच. पंधरा मिनिटांनी, नेमकं इंजिनावर ओझं असताना, थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलरमधली हवा ऑइलबरोबर पुढे ढकलली जाते. टर्बोची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. तिथे हवा पोचणं म्हणजे काय, ते एकदा ओरखडे पडलेलं बेअरिंग हातात घेतलं की कळतं.

म्हणून कूलर टेबलावर तोंडं वर करून ठेवायचा, एका तोंडातून स्वच्छ ऑइल ओतायचं, हलवायचा, बुडबुडे येईनासे होईपर्यंत पुन्हा ओतायचं. होसही भरायचे. एएन-10 मापाच्या होसची आतली नळी 14 मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे मीटरभर होसमध्ये दीडशे मिली ऑइल मावतं. दोन होस आणि 13 रोचा (13 ओळींचा) कूलर मिळून माझ्या त्या गाडीत पाऊण लिटर गेलं. चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातून, गायब झालेलं ऑइल तेच. गाडीतही कूलरची तोंडं वरच राहतील असं बघा. तोंडं खाली असली की वरच्या कोपऱ्यात हवा अडकून बसते.

मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, म्हणजे इंजिन चालू न होता ऑइल फिरेल. मध्ये अर्धा मिनिट थांबा, स्टार्टर तापतो. दिवा विझल्यावरही आणखी एकदा मारा. नंतर इंजिन चालू करून आयडलवरच ठेवा, रेस करू नका. कूलरला हात लावत राहा. तो गरम लागला की थर्मोस्टॅट उघडला. तेव्हा बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी बघा, कमी असेल तेवढं भरा. हे गॅरेजातच व्हायला हवं, रस्त्यावर नाही.

आट्यांबद्दल एक सांगतो, कारण यात चांगले हातही फसतात. फिल्टरच्या नळीचे आटे काही इंजिनांवर 20 मिलिमीटर, दीड पिचचे (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) असतात. काहींवर पाऊण इंची, इंचाला 16 आटे. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. नजरेला दोन्ही सारखेच. 20 मिलिमीटरचा अडॅप्टर पाऊण इंची नळीवर सैलसर चढतो आणि धरल्यासारखा वाटतो. दाब आला की सुटतो. व्हर्नियर आणि पिच गेज लावल्याशिवाय किट मागवूच नका.

होस कापताना टेप गुंडाळून बारीक दाताच्या ब्लेडने कापा आणि आतून हवा मारून स्वच्छ करा. ब्रेडिंगची (होसवरच्या विणलेल्या जाळीची) एक तारही आत राहता कामा नये.

जागेबाबत माझं ठाम मत आहे: टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या समोर ऑइल कूलर लावू नका. तापलेली हवा थेट इंटरकूलरवर जाते आणि टर्बोचा फायदा तिथेच घटतो. बंपरच्या कोपऱ्यातल्या जाळीमागे, रबर बुशवर लावा.

आणि मुळात कूलर लागतोय का, ते आधी तपासा. ऑइल टेंपरेचरचा काटा बसवा. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा गरज नसते. जास्त थंड राहिलेल्या ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही. ट्रॅकवर काटा 130 अंशांच्या आसपास टिकून राहत असेल तर जरूर लावा.

ट्रायल मारून आलात की रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी आधी तो बघायचा, मग प्रत्येक जोडाखालून बोट फिरवायचं. बोट कोरडं आलं तरच गाडी मालकाला द्यायची.