कुंपणाचा खांब मोडलाय? पहार उचलण्याआधी ही तयारी करा

कुंपणाचा लाकडी खांब बहुतेक वेळा जमिनीलगत मोडतो. वरचा भाग उन्हावाऱ्यात वाळत राहतो आणि खोल गेलेल्या टोकाला हवा मिळत नाही, म्हणून ही दोन्ही टोकं तग धरतात. मधल्या वीतभर पट्ट्यात मात्र ओल आणि हवा दोन्ही असतात, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. कोकणातल्या पावसात जमिनीलगतचं लाकूड इतकं कोरडं राहणं शक्यच नाही. त्यात वाळवीची भर. त्यामुळे खांब का मोडला हे न बघता त्याच खड्ड्यात तसंच दुसरं लाकूड रोवलं, तर दोन-चार पावसाळ्यांत तेच काम पुन्हा करावं लागतं.

म्हणून आधी तपासणी करा. हातात जुना स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घ्या. मोडलेल्या खांबाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-चार खांबही बघा. जमिनीलगतची माती चार बोटं उकरा आणि टोक लाकडात दाबा. ते लोण्यासारखं आत गेलं तर तो खांबही जाणार हे धरून चाला. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड चांगलं. भद्द आवाज आला तर आत पोकळ. ही मोजणी आधी झाली म्हणजे सामान एकदाच आणता येतं. कोपऱ्याच्या किंवा फाटकाच्या एका खड्ड्याला दहा-बारा किलो सिमेंट लागतं, म्हणजे 50 किलोच्या एका गोणीत असे चार खांब होतात. एका खांबासाठी गोणी फोडून उरलेलं सिमेंट दमट हवेत ठेवलं तर ते गोळे होऊन वाया जातं.

आता ठरवा, अख्खा खांब बदलायचा की जोड द्यायचा. जमिनीच्या वरचं लाकूड कडक असेल तर ते टाकू नका. कुजलेला भाग कापा, शेजारी चार फुटांचा नवा तुकडा दोन फूट जमिनीत जाईल असा रोवा आणि जुना खांब त्याला 12 मिलिमीटरच्या दोन आरपार बोल्टनी आवळा. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या, दोन्ही बाजूंना वायसर घाला. जुन्या खांबाचं खालचं टोक जमिनीपासून दोन-तीन इंच वर ठेवा. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबाला मात्र जोड देऊ नका. तिथे तारेची ओढ आणि फाटकाचं वजन येतं, तो खांब पूर्णच बदला.

लाकूड निवडताना घाई नको. निलगिरीची किंवा सुरूची बल्ली स्वस्त मिळते, पण प्रक्रिया न केलेली बल्ली जमिनीत टिकत नाही. साग, खैर, ऐन, किंजळ यांचा आतला गडद गाभा टिकतो. बाहेरचं पांढुरकं लाकूड सागाचं असलं तरी लवकर कुजतं, म्हणून गाभा जास्त असलेला तुकडा मागा. ही झाडं आपल्याच वाडीत असली तरी थेट कुऱ्हाड लावू नका. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ती आहेत आणि तोडण्याआधी परवानगी लागते. घरी जुना वासा पडलेला असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही, तो वर्षानुवर्षं वाळलेला असतो. लांबी मोजताना जमिनीवर पाच फूट हवा असेल तर सात फुटांचा घ्या.

खांबाचं खालचं टोक रोवण्याच्या बरेच दिवस आधी तयार करावं लागतं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, ओल्या लाकडावर डांबर धरत नाही. जमिनीत जाणारे दोन फूट आणि वर आणखी वीतभर, एवढ्या भागावर डांबराचे दोन हात द्या. तळाच्या कापलेल्या तोंडाला तीन. काजूच्या टरफलाचं तेलही चालतं, मात्र ते कातडीला लागलं की फोड येतात, तेव्हा रबरी हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका. पुष्कळ जण टोक नुसतं भाजून घेतात. तेवढ्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे, कारण भाजताना पडलेल्या चिरांतून पाणी आत जातं. खांबाचं वरचं टोक उतरतं कापा, म्हणजे पाणी साचणार नाही.

शेजाऱ्याशी बोलणं ही यातली सगळ्यात महत्त्वाची तयारी. खांब हद्दीवर असेल तर पहार मारण्याआधी त्यांना बोलावून जुनी जागा दोघांनी मिळून बघा आणि दोन्ही बाजूंच्या चांगल्या खांबांना दोरी बांधून रेषा ठरवा. वीतभर इकडेतिकडे झालं की वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. त्याच वेळी विहिरीच्या पंपाची वायर किंवा पाण्याचा पाइप त्या जागेतून गेलाय का तेही विचारून घ्या.

हत्यारांत पहार, कुदळ, फावडं, घमेलं, करवत, हातोडी, पकड, ड्रिल, यू खिळे, ओळंबा आणि जाड दोर हवा. जांभ्याच्या जमिनीत पहारीशिवाय पान हलत नाही. जुनं खोड निघत नसेल तर आदल्या संध्याकाळी भोवती दोन बादल्या पाणी ओता. हातमोजे चामड्याचे आणि पायात बूट हवेतच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दगडांखाली आणि कुंपणाच्या गवतात फुरसं हा विषारी साप असतो, त्यामुळे गवत आधी लांब काठीने हलवा, आणि दगड हाताने नव्हे, पहारीने उलटा. काटेरी तार सोडताना ती झटक्याने मागे येते; आधी शेजारच्या खांबाला दोराने बांधा, मगच यू खिळा उपटा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर काम सुरू करण्यापूर्वीच घ्या.

खड्डा अडीच फूट खोल आणि फूटभर रुंद. तळाला अर्धा फूट खडी, त्यावर खांब, म्हणजे पाणी टोकापाशी साचत नाही. मधल्या खांबांना मी सिमेंट सुचवणार नाही. दगडांची पाचर आणि मुरूम वीतभर थरांनी ठासून भरला की खांब घट्ट बसतो, पाण्याचा निचरा होतो आणि पुढे खांब काढणं सोपं जातं. सिमेंट कोपऱ्याला आणि फाटकाला: एक माप सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. माथा जमिनीच्या थोडा वर आणि खांबापासून बाहेर उतरता ठेवा. खांबाचा तळ काँक्रीटमध्ये बंद करू नका, तो खडीवरच टेकू द्या.

हे सगळं दिवाळीनंतर, भात घरात आल्यावर काढावं. जमिनीत थोडी ओल असते आणि डांबर वाळायला ऊन मिळतं. भर पावसात मोडला तर बांबूचा तिरका टेकू देऊन वेळ मारून न्या, आणि शेजारी गिरीपुष्पाची पाच-सहा फुटांची जाड फांदी रोवा. ती रुजते, पण तार ठोकण्याइतकी जाड व्हायला वेळ लागतो.

करवंदीच्या किंवा बोरीच्या काट्यांची मोळी मात्र पहिल्याच दिवशी तोडून ठेवा. खांब काढला की फट उघडी पडते आणि गुरं, रानडुकरं रात्रीच आत येतात. सिमेंटवर सात दिवस ओलं गोणपाट ठेवा, तार त्यानंतरच ओढा, आणि फटीत लावलेल्या काट्या तोवर हलवू नका.