फिनिक्सला कुत्रा घेऊन जाण्याआधी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स, टेम्पी किंवा चँडलरला चार-सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर जायचं ठरलं आणि कुत्र्यालाही न्यायचं असेल, तर आधी कॅलेंडर बघा. नोव्हेंबर ते मार्च असेल तर पुढचं उन्हाबद्दलचं सोडून दिलं तरी चालेल. मे ते सप्टेंबर असेल तर सगळं वाचा. नागपूर-चंद्रपूरचा मे काढलेल्या माणसालाही तिथला उन्हाळा चकवतो, कारण जूनमध्ये पाऊस येऊन तो उतरत नाही. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर गेला. त्यातच सलग १६ रात्री तो ९० फॅरनहाइटच्याही खाली आला नाही. माणूस हा उन्हाळा डोक्यावर झेलतो, कुत्रा तळपायांवर. तयारी त्या हिशेबाने करायची.

भारतातून थेट नेणार असाल तर कागदपत्रांना चार महिने हाताशी ठेवा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या यादीत भारत रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे आणि १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक झालेत. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. हा क्रम उलटला तर ती लस धरत नाहीत आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी रेबीजच्या प्रतिपिंडांच्या तपासणीला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्त द्यायचं आणि ते दिल्यापासून प्रवेशापर्यंत किमान २८ दिवस जायला हवेत. या तपासणीचा अहवाल नसेल तर २८ दिवसांचं क्वारंटाइन, तेही तुमच्या खर्चाने. उतरायचंही ठरावीक विमानतळांवरच. त्यांत फिनिक्स नाही. तेव्हा पुढच्या प्रवासाची सोय आधीच करा. उन्हाळ्यात बऱ्याच विमान कंपन्या तापमान ८५ फॅरनहाइटच्या वर गेलं की कार्गोत प्राणी घेत नाहीत. चपट्या नाकाच्या पगला किंवा बुलडॉगला तर एरवीही नकार मिळतो. ॲरिझोनात ३० दिवसांहून जास्त राहणार असाल तर तीन महिन्यांवरच्या कुत्र्याचं काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, लायसन्स काढावं लागतं. त्यासाठी रेबीजचं मूळ प्रमाणपत्र हँडबॅगेत असू द्या.

भाड्याचं घर ठरवताना सगळे पेट डिपॉझिट, दरमहा पेट रेंट आणि जातीवरची बंदी विचारतात. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की कुत्र्याला शू-शीला न्यायची जागा दारापासून किती पावलांवर आहे आणि तिथे खरं गवत आहे का. प्लास्टिकचं गवत डांबराइतकंच तापतं, अंगणातली खडी त्याच्याखालोखाल. दुपारी तीनचा त्या जागेचा व्हिडिओ मागवा, म्हणजे सावली कुठे पडते ते कळतं. स्विमिंग पूल असेल तर भोवती कुंपण हवं, आणि पहिल्याच आठवड्यात कुत्र्याला पायऱ्यांवरून बाहेर यायला शिकवायचं. पोहता येणारा कुत्राही पायऱ्या कुठे आहेत ते माहीत नसल्याने दमून बुडतो. कालव्यांच्या काठी फिरताना पट्टा सोडू नका. सिमेंटच्या उतरत्या कडेवरून त्याला वर चढता येत नाही. अंगणात कण्हेर, घाणेरी आणि सायकस आहेत का ते बघा. तिथे शोभेला ही झाडं सर्रास लावतात आणि तिन्ही विषारी आहेत. सायकसच्या बिया कुत्रे चघळतात, त्यात लिव्हर जातं.

ऑफिसला जाताना एसी बंद करून वीज वाचवायची आपली सवय विमानातच सोडा. थर्मोस्टॅट ८० फॅरनहाइटवर, म्हणजे २७ अंशांच्या आसपास, चालूच ठेवायचा आणि तापमान वाढलं की फोनवर कळवणारा एक छोटा सेन्सर घरात लावायचा. एसी बंद पडला की घर काही तासांत तापतं. अशा वेळी घराची किल्ली असलेली, जवळ राहणारी व्यक्ती आणि कुत्रे घेणारं हॉटेल, दोन्ही आधीच ठरलेलं हवं.

आता फिरणं. जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आधीच उगवतो. तोपर्यंत तुम्ही परतीच्या वाटेवर असायला हवं. संध्याकाळवर भरवसा नको, कारण दिवसभर तापलेलं डांबर सूर्य मावळल्यावरही बराच वेळ चटके देतं. ४३ अंशांच्या दुपारी ते ६५ च्याही वर जातं. तळहात राबलेला असतो, म्हणून पालथा हात जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्याला बाहेर काढायचं नाही. बूट घ्या, पण निघण्याआधी दोन आठवडे घरातच रोज दहा मिनिटं घालून सवय लावा. पहिल्या दिवशी तो चिखलातून चालल्यासारखे पाय उचलेल, चालेल तेवढं. बूट पार्किंग ओलांडण्यापुरते. कुत्र्याला घाम पंजांतून येतो, तेव्हा परत आल्यावर लगेच काढायचे. शहराच्या ट्रेल्सवर, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर, तापमान १०० फॅरनहाइटला पोचलं की कुत्र्यांना बंदी असते. कॅमलबॅक डोंगराच्या वाटांवर आणि पिएस्टेवा शिखराच्या वाटेवर ती बाराही महिने आहे. पट्टा सहा फुटांहून लांब नसावा, असा राज्याचा कायदाच आहे.

२० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागतं, तिथे दुप्पट धरा. बाटलीतलं निम्मं संपलं की मागे वळायचं. गाडीत चार लिटरचा कॅन, गुदद्वारात लावायचा थर्मामीटर, जाड दातांचा कंगवा आणि पक्कड कायम ठेवा.

कंगवा चोयासाठी. या निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून चिकटतात आणि त्यांच्या काट्यांना उलटी कुसळं असतात. पंजाला चिकटलेला गोळा कुत्रा लगेच तोंडाने ओढायला जातो आणि तोच काटा जिभेत रुततो. म्हणून आधी तोंड धरा, मग कंगवा गोळ्याखाली सरकवून एका झटक्यात तो लांब उडवा, आणि उरलेले काटे पक्कडीने सरळ रेषेत उपसा.

उष्माघातात तोंडाची लाळ चिकट होते, हिरड्या विटेसारख्या लाल होतात आणि चाल अडखळते. आधी थंड करा, मग डॉक्टरकडे धावा. पोट आणि मांड्यांवर पाणी ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. ताप १०३.५ फॅरनहाइटवर आला की पाणी थांबवा, नाहीतर अंग जास्त गार पडतं. आणि एक खोच: उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी भाजण्याइतकं कढत असतं. ते आधी जमिनीवर सोडून हाताने बघा, मगच नळी कुत्र्याकडे वळवा.

हीच नळी जुलै-ऑगस्टच्या पावसात पुन्हा लागते. त्या दिवसांत रात्री सोनोरन वाळवंटातला मोठा बेडूक बाहेर पडतो. तो तोंडात धरला की लाळ गळते, हिरड्या लाल होतात, झटके येतात, आणि लहान कुत्रा जातोही. मान खाली झुकवून नळी तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने धरा, घशात पाणी जाऊ देऊ नका. फडक्याने हिरड्या पुसा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. रात्री पाण्याचा वाडगा अंगणात ठेवायचा नाही, हे बेडूक त्यात बसतात. रॅटलस्नेक चावला तर पट्टी आवळणं, बर्फ, चिरा हे काहीही नको. उचलून न्या, आणि कोणत्या हॉस्पिटलात प्रतिविष असतं ते पहिल्याच आठवड्यात फोन करून विचारून ठेवा. हवा कोरडी म्हणून गोचिडांचं औषधही थांबवू नका, तिथली तपकिरी गोचीड कोरड्यातच वाढते.

शेवटची वस्तू परतीच्या बॅगेत टाकायची: तिथल्या वास्तव्याच्या तारखा लिहिलेला कागद. वाळवंटातल्या मातीत कॉक्सिडिओइडीस नावाची बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीवर होतो. उकरणाऱ्या कुत्र्यांना धोका जास्त. खोकला, ताप, वजन उतरणं किंवा विनाकारण लंगडणं कधी तीन आठवड्यांत सुरू होतं, कधी पुण्या-मुंबईला परतून कित्येक महिने झाल्यावर. आपल्याकडच्या डॉक्टरला ही शंका येणं कठीण. तेव्हा तो कागद पुढे करून व्हॅली फीवरची रक्ततपासणी तुम्हीच सुचवायची. उपचार फ्लुकोनाझोलचा, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर.