परसात तळं करायचंय? आधी सांडवा, मग टिकाव

परसात बेडूक, चतुर यावेत म्हणून बारकं तळं करायचं तर टिकाव, खोरं, बुट्ट्या, सुतळी, चुना हे सांगायला नको. एखादा गडी मिळाला तर बरं, नाहीतर घरातली पोरं कामाला लावा. पण टिकावाला हात लावायच्या आधी एकच गोष्ट ठरवायची, ती म्हणजे सांडवा. तळं भरल्यावर जादाचं पाणी कुठनं बाहेर पडणार आणि पडून जाणार कुठं, हे आधी जागेवर चुन्यानं आखा आणि मगच खड्ड्याची रेघ मारा. मी उलटं केलेलं, सांडव्याचं "पावसात बघू" म्हणून ठेवलं आणि आर्द्रातच पाणी कंपाउंडखालनं शेजारच्यांच्या सोप्यात. ते अजून नीट बोलत नाहीत.

बारक्या डबक्याला सांडवा कशाला असं वाटत असेल तर हिशोब करून बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५०० चौरस फुटांची स्लॅब म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, आणि दिवसात १०० मिलिमीटर झाला (आपल्याकडं कोल्हापुरात जुलैत असे दिवस येतात) तर त्या एका पन्हाळीच्या पाईपातनं ४,६०० लिटर खाली येतं. आता १० बाय ६ फूट, मधी २ फूट खोल, कडा उतरत्या, असल्या तळ्यात मावतं किती? दीड-पावणेदोन हजार लिटर. म्हणजे पाईप तळ्यात सोडलेला असला तर एका दिवसात ते अडीच-तीन वेळा भरेल एवढं पाणी येऊन वाहणार, आणि वाहणार ते जिकडं काठ खाली असेल तिकडं, तुम्हाला विचारून नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे उगाच नाहीत, पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात. दरवर्षी कितवा दरवाजा उघडला याची बातमी आपण सगळे वाचतो, आणि परसात खड्डा मारताना हेच विसरतो.

सांडवा करायचा कसा, तर काठाचा वीतभर भाग बाकी काठापेक्षा २ इंच खाली ठेवायचा, कागद (तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा) तिथनं अखंड बाहेर काढायचा आणि त्यावर चपटे दगड बसवायचे. पुढं चर. चराचा उतार घराच्या पायाकडं नको, शेजाऱ्याकडं तर अजिबात नको. चराच्या शेवटाला अळू आणि कर्दळ लावा, मोरीच्या पाण्यावर जगणारी झाडं ती, जादाचं पाणी खुशाल पितात आणि अळूवड्यांनाही पानं होतात. त्यातनंही उरलं तर गटारीला. २ इंची पाईप बसवून मोकळं व्हायचा नाद करू नका, आंब्याचं एक पान आडवं बसलं की कंडका पडला. पाईपच घालायचा तर ४ इंची, आणि पावसात रोज त्याचं तोंड हातानं साफ करायची तयारी पायजे. उघडा चरच बरा.

आता लेव्हल. गवंड्याकडची पाणी भरलेली नळी मागून आणा आणि सगळ्या काठाला फिरवा. डोळ्यानं सपाट दिसतंय यावर जाऊ नका, जमीन फसवते. एक बाजू तीन बोटं जरी खाली राहिली तरी पाणी तिथनंच जाणार आणि तुम्ही केलेला सांडवा कोरडा बसणार, मग तो असून नसून सारखाच. नळी नसेल तर काम थांबवा, दुसऱ्या दिवशी करा.

जागा. चार-पाच तास ऊन पायजे, डोक्यावर आंबा-फणस नको कारण पानं कुजून पाणी काळं होतं. घराच्या पायापासनं १० फूट तरी लांब, सेफ्टी टँकपासनं त्याहून लांब. आणि परसातली सगळ्यात खालची, कायम ओली राहणारी जागा बघून "इथं पाणी आपोआप येतंय" म्हणून हरखू नका. काळ्या जमिनीत पावसाळ्यात खालनं पाझर येतो, तो कागदाखाली साठतो, आणि तळ्यात पाणी कमी असलं की कागद पुरीसारखा टम्म फुगून वर येतो, मग त्यावर लावलेली झाडं, दगड सगळं आडवं. सांडव्याचं पाणी वळून परत कागदाखाली शिरलं तरी हेच होतं, म्हणून म्हणतोय चर लांब न्या.

वेळ म्हणजे एखादा वळीव पडून गेल्यावर. त्याच्या आधी काळी माती दगडासारखी, टिकाव उडतो. मृगाच्या आत काम संपलं पायजे, अर्धवट खड्ड्यात पाऊस शिरला तर कडा ढासळतात. निघालेली माती किती होते याचा अंदाज कुणालाच नसतो, खड्ड्यापेक्षा ढीग मोठा दिसतो. ती वरच्या अंगाला टाकू नका, पहिल्या पावसात सगळी परत तळ्यात येते.

कागद शेततळ्याचाच घ्या, ५०० मायक्रॉनचा, शेतीच्या दुकानात मिळतो. ताडपत्री उन्हानं एक-दोन उन्हाळ्यात फुटते, पैसे वाचत नाहीत. माप असं: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्हीकडं एकेक फूट. वरच्या मापाला १६ बाय १२ फूट. हे खड्डा झाल्यावर मोजायचं, आधी नाही, कारण खड्डा ठरवल्यासारखा कधीच होत नाही. आणि सांडव्याच्या बाजूला २ फूट जादा धरा, तिथं कागद कमी पडला तर जोड द्यावा लागतो आणि पाणी बरोबर जोडातनंच जातं. कागदाखाली खडे आणि मुळांचे सड हातानं चाचपून काढा, वर बारीक वाळू, त्यावर जुन्या वाकळा किंवा पोती. खताची पोती असतील तर आधी धुवा बाबांनो, युरियाचा अंश पाण्यात गेला की हिरवं शेवाळच शेवाळ.

आकार करताना एक बाजू उतरती ठेवायची, लांब उताराची, गोल दगड पसरलेली. चारी बाजू उभ्या ठेवल्या तर पाण्यात पडलेली खार, सरडा, साळुंकीचं पिल्लू वर येऊ शकत नाही, सकाळी मेलेलं सापडतं. दुसऱ्या बाजूला पाण्याखाली ८-९ इंचावर एक पायरी, झाडांसाठी. आणि घरात बारकं पोर असेल तर काठाला कुंपण किंवा पाण्यावर लोखंडी जाळी, यात चर्चा नाही. बारक्या पोराला वीतभर पाणीही पुरतं.

पाणी पावसाचं उत्तम. नळाचं भरलंत तर दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, क्लोरीन उडून जातो. पन्हाळीचा पाईप जोडायचा असेल तर पहिला पाऊस बाहेर सोडा, स्लॅबवरची घाण असते. आणि सांडवा तयार नसेल तर पाईप जोडूच नका. तयार असला तरी पाऊस लागायच्या आधी नळानं तळं काठोकाठ भरून, वर चार बादल्या ओतून बघा पाणी कुठनं जातंय. तरणा-म्हातारा पाऊस लागला की रेनकोट घालून चर खणायला मजा येत नाही, मी खणलाय.

झाडं: कुमुद, वेखंड, ब्राह्मी, काठाला वाळा, पाण्यात हायड्रिला. पाणकणीस नको, त्याचे कोंभ कागद भोसकतात. रंकाळा तलावातनं किंवा नदीतनं काही उपसून आणू नका, जलपर्णीचा एक तुकडा आला तरी बघता बघता सगळं झाकून टाकते, पंचगंगेवर बघितलंय की आपण सगळ्यांनी.

मासे सोडू नका. गप्पी डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण बेडकांची अंडी आणि बारके बेडूकमासेही खातात, मग तळं कशाला केलं? चतुर आणि टाचण्या (चतुराचेच बारीक भाऊबंद) स्वतः येऊन अंडी घालतात, त्यांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्याही खातात. पण त्यांचा जम बसेपर्यंत वेळ जातो आणि डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, तेवढ्या काळात रोज पाण्यात बघा, वळवळ दिसली तर गाळणीनं काढा किंवा बीटीआयची पावडर (डासांच्या अळ्या मारणारा जिवाणू) टाका, त्यानं बेडूकमाशांना सहसा काही होत नाही. डेंग्यूच्या सर्व्हेला बायका आल्या तर स्वतः तळं दाखवा.

बेडूक आणून सोडायचे नसतात, येतात ते. बेडकामागं दिवड पण येणार, बिनविषारी आहे, मारू नका, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. गवत मात्र घराच्या बाजूला कापलेलं ठेवा आणि रात्री बॅटरी घेऊनच जा, कारण घोणस पण असते आपल्याकडं.

उन्हाळ्यात पाणी खाली जातं, थोडं थोडं भरा. गाळ काढायचा तर एका वेळी अर्धाच, आणि काढलेला गाळ एक रात्र काठावर ठेवा, त्यातले किडे परत पाण्यात जातात. पंप, कारंजं, रंगीत लाइट यातलं कायबी लागत नाही.