‘व्हेरी ब्यूटिफुल’च्या पुढे काय? आयेल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये निसर्गदृश्य आणि फोटोंबद्दल बोलताना

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगमध्ये, म्हणजे तोंडी मुलाखतीत, ‘व्ह्यूज’ किंवा ‘टेकिंग फोटोज’ हा विषय निघाला की बरीच उत्तरं एकाच वळणाने जातात: ‘इट वॉज व्हेरी ब्यूटिफुल, व्हेरी पीसफुल, आय लाइक्ड इट अ लॉट.’ एवढं झालं की गाडी अडते. मग वाटतं, विशेषणं कमी पडली, आणि ‘ब्रेथटेकिंग’, ‘मेस्मरायझिंग’, ‘पिक्चरेस्क’ अशी यादी पाठ केली जाते. ती यादी एका वाक्यात संपते, सलग बोलायची दोन मिनिटं तिच्यावर निघत नाहीत. शिवाय पाठ केलेलं बोलणं अनुभवी परीक्षकाला आवाजाच्या चढउतारावरूनच कळतं.

खरी अडचण विशेषणांची नसते. बोलणारा कुठे उभा आहे हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. फोटो काढणारा फ्रेम लावताना पायाशी काय, मधे काय, लांबवर काय आणि उजेड कुठून येतोय हे बघतो. उत्तरही त्याच क्रमाने लावा. आधी जागा घ्या, मग जवळचं सांगा, मग लांबचं, आणि शेवटी त्या वेळात काय बदललं ते.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घेऊ. नेहमी ऐकू येणारं उत्तर असं: ‘कोकणकडा इज अ फेमस प्लेस. वी हॅड गॉन देअर लास्ट इयर. द सीनरीज आर सो ब्यूटिफुल. फ्रॉम देअर होल कोकण इज सीन. वी क्लिक्ड मेनी फोटोज देअर ओन्ली.’

यातली जवळजवळ प्रत्येक चूक मराठीतून आली आहे, म्हणून ती मुळापासून समजून घ्यावी. ‘गेल्या वर्षी गेलो होतो’ हे आपलं साधं वाक्य आहे. तेच शब्दाला शब्द ठेवून ‘हॅड गॉन’ होतं. इंग्रजीत ‘हॅड’ तेव्हाच येतं, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची सांगायची असते: ‘द मिस्ट हॅड क्लिअर्ड बाय द टाइम वी रीच्ड द टॉप.’ एकटी सहल सांगताना ‘वी वेंट’ म्हणा. पूर्ण दोन मिनिटं ‘हॅड गॉन, हॅड सीन, हॅड टेकन’ चालू राहिलं तर व्याकरणाचे गुण हमखास जातात. तसंच ‘दिसतं’चं. ‘तिथून कोकण दिसतं’ याचं ‘इज सीन’ करू नका, ‘यू कॅन सी’ म्हणा. ‘तिथेच’ मधला ‘च’ ‘ओन्ली’ होऊन शेवटी चिकटतो, तो सोडून द्या. ‘सीनरी’ला अनेकवचन नाही आणि तिच्याआधी ‘अ’ही लागत नाही. मोजायचं असेल तर ‘अ व्ह्यू’, ‘टू व्ह्यूज’. ‘नेचर’ला ‘द’ नको. आणि आपल्या ‘बघणे’ची इंग्रजीत तीन क्रियापदं होतात: सूर्यास्त ‘वॉच’ करतात कारण तो हलतो, फोटोकडे ‘लुक अॅट’ करतात, आणि दरी नुसती ‘सी’ होते.

‘क्लिक’बद्दल थोडं वेगळं मत आहे. भारतात सगळेच तो शब्द वापरतात, तो कळतो, आणि एका शब्दापायी बँड, म्हणजे परीक्षेतला गुणांक, घसरत नाही. पण ‘टेक अ फोटो’ कुठेही चालतं, म्हणून तेच तोंडात बसवलेलं बरं.

आता तीच जागा, उभं राहायचं ठिकाण ठरवून: ‘लास्ट ऑक्टोबर वी वॉक्ड अप टू अ हिल फोर्ट. ऑन इट्स वेस्टर्न साइड देअर्स अ ह्यूज क्लिफ दॅट कर्व्ह्ज इनवर्ड, लाइक द इनसाइड ऑफ अ बोल. आय ले फ्लॅट ऑन माय स्टमक अँड लुक्ड ओव्हर द एज. राइट इन फ्रंट ऑफ मी देअर वॉज ड्राय ग्रास शेकिंग इन द विंड, अँड बियाँड दॅट, नथिंग बट मिस्ट. देन द मिस्ट ओपन्ड फॉर अ फ्यू सेकंड्स, अँड आय कुड सी टायनी व्हिलेजेस फार बिलो.’

यात ‘ब्यूटिफुल’ कुठेच नाही, अवघड म्हणावा असा शब्दही नाही. तरी आतल्या बाजूने वळलेला कडा डोळ्यांपुढे येतो, कारण त्याला वाडग्याची उपमा मिळाली आणि गवत ते गाव अशी नजर पुढे सरकत गेली. ‘कोकणकडा’ हे नाव घ्यायला हरकत नाही, पण परीक्षकाला ते माहीत असेल असं धरू नका. नाव घेतलं की लगेच ते काय आहे ते सांगा. गड म्हणजे ‘हिल फोर्ट’, पठार म्हणजे ‘प्लॅटो’, दगडातलं टाकं म्हणजे ‘अ वॉटर टँक कट इन्टू द रॉक’. ‘घाट’ म्हणजे ‘अ विंडिंग रोड थ्रू द माउंटन्स’. असं समजावून सांगणं हे शब्दसंपदेचंच कौशल्य आहे. शब्द आठवेना तेव्हाही हीच युक्ती वापरा, गप्प राहू नका.

फोटोचा भाग आला की बहुतेक जण ‘आय टुक मेनी सेल्फीज’ म्हणून थांबतात. त्यापेक्षा फोटोत काय आलं नाही ते सांगा, बोलायला तिथे भरपूर आहे. फोनची नेहमीची लेन्स बरीच वाइड असते, त्यामुळे लांबचे डोंगर फोटोत बारीक होतात: ‘द माउंटन्स लुक्ड मच स्मॉलर इन द फोटो दॅन दे रिअली वेअर.’ आकाश उजळ आणि दरी सावलीत असली की कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत: ‘द व्हॅली केम आउट फाइन, बट द स्काय टर्न्ड कम्प्लीटली व्हाइट.’ दुपारच्या उन्हाला ‘हार्श लाइट’, सूर्यास्ताआधीच्या उजेडाला ‘सॉफ्ट लाइट’, हललेल्या फोटोला ‘ब्लरी’ म्हणतात. एवढ्या चार-पाच शब्दांनी आणि एका ‘बिकॉज’ने पाऊण मिनिट सहज भरतं.

स्पीकिंगच्या गुणांत उच्चाराला चारातला एक वाटा असतो, आणि या विषयात ठरावीक शब्दच पुन्हापुन्हा येतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’ आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या ‘टॉ’वर, म्हणजे साधारण ‘फ-टॉ-ग्रफी’. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे शब्द ओळखायला वेळ लागतो. ‘होरायझन’मध्ये जोर ‘राय’वर. ‘इमेज’ नव्हे, ‘इमिज’. ‘व्ह्यू’ आणि ‘व्हॅली’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. ‘वॉटरफॉल’ आणि ‘विंड’साठी ओठ गोल करा, दात लावू नका. आपला ‘व’ या दोघांच्या मधे पडतो, म्हणून आरशासमोर ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आलटून पालटून म्हणावं.

पूर्ण मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते. पहिल्या भागात गावाकडचे व्ह्यूज आवडतात की शहरातले, असा प्रश्न येऊ शकतो. तिथे दोन-तीन वाक्यं पुरतात: पसंती, कारण, एक नेमकी गोष्ट. ‘सिटी व्ह्यूज, बट ओन्ली आफ्टर डार्क. मरीन ड्राइव्ह लुक्स ऑर्डिनरी अॅट नून, बट अॅट नाइट द स्ट्रीटलाइट्स फॉर्म अ लाँग कर्व्ह अलाँग द सी.’ ‘इट डिपेंड्स’ म्हणून दोन्ही बाजू सांगत बसू नका.

दुसऱ्या भागात तयारीला 1 मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. वाक्यं लिहिलीत तर दोनच होतील, आणि मग ती वाचली जातील. सहा-सात सुटे शब्द लिहा: ऑक्टोबर, बोल, स्टमक, ग्रास, मिस्ट, व्हाइट स्काय. प्रत्येक शब्दावर पंधरा-वीस सेकंद बोलायचं. 2 मिनिटं झाली की परीक्षक मधेच थांबवतात. तो वेळेचा नियम आहे, उत्तर फसल्याची खूण नव्हे. तेव्हा शांतपणे थांबा.

तिसऱ्या भागात ‘मी’ मागे ठेवून ‘लोक’ पुढे आणावे लागतात. माणसं पूर्वीपेक्षा जास्त फोटो का काढतात, असं विचारलं तर आपलं ‘काढायचे’ हे रूप कामी येतं, त्याचंच ‘यूज्ड टू’ होतं: ‘पीपल यूज्ड टू बी केअरफुल, बिकॉज अ रोल ऑफ फिल्म यूज्वली हॅड थर्टी-सिक्स शॉट्स. नाउ दे टेंड टू टेक हंड्रेड्स अँड नेव्हर लुक अॅट देम अगेन.’ एका वाक्यात काल, दुसऱ्यात आज आला आणि तुलना आपोआप झाली. ‘ऑल पीपल’ टाळा, ‘टेंड टू’ आणि ‘मोस्ट पीपल’ वापरा.

सरावाला पुस्तक लागत नाही, फोनमधली गॅलरी पुरते. स्वतः काढलेला एक फोटो उघडा, मिनिटभर बघून सहा शब्द लिहा, फोटो बंद करा आणि 2 मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. मग ऐकताना जे बोललात ते जसंच्या तसं उतरवून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ‘हॅड गॉन’ आणि ‘अॅक्चुअली’ किती वेळा आलं ते त्याशिवाय कळत नाही. चुका दुरुस्त करा, कागद बाजूला ठेवा आणि त्याच फोटोवर पुन्हा बोला. जोडीला मैत्रीण किंवा भाऊ असेल तर फोटो न दाखवता फोनवरून वर्णन करा आणि त्यांना पेन्सिलने चित्र काढायला सांगा. कडा डावीकडे की उजवीकडे, गावं वर की खाली, हे त्यांना पुन्हा विचारावं लागलं, तर ते वाक्य तिथेच बदला.