मणक्याला मार लागलाय? क्लेमची तयारी हॉस्पिटलमधूनच सुरू करा

आमच्या दाजींना टेम्पोने उडवलं तेव्हा आम्हाला वाटलेलं, मणक्याचं ऑपरेशन झालं की दोनेक महिन्यात माणूस चालायला लागेल. नाही लागला. मज्जारज्जूलाच मार होता, कमरेखाली काही कळत नाही, लघवीला नळी. मग एमएसीटीच्या, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या, चकरा सुरू झाल्या आणि त्यात जे शिकलो ते इथे लिहितोय. मी वकील नाही, नुसता फाईल धरून कोर्टाच्या बाकड्यावर बसलेला मेहुणा आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, भरपाई एकदाच ठरते. दोन वर्षांनी पाठीला बेडसोर झाला, परत ऑपरेशन लागलं, म्हणून दुसरा क्लेम टाकता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये नागप्पा वि. गुरुदयाल सिंग केसमध्ये हे सांगितलंय, आणि त्याच निकालात हेही आहे की योग्य वाटलं तर मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही देता येते. म्हणजे पुढच्या तीस वर्षांचा खर्च आत्ताच कागदावर मांडायचा. आमच्याकडे पहिले चार महिने कुणी हिशोबच ठेवला नाही, डायपर, कॅथेटर, युरिन बॅग, एअर बेड, फिजिओवाला, व्हीलचेअर, रात्री कूस बदलायला ठेवलेला माणूस, सगळं रोख दिलं आणि पावती एकाचीही नाही. तुम्ही एक साधी वही करा, तारीख टाका, मेडिकलवाल्याकडून पेशंटच्या नावाने बिल घ्या, आणि अटेंडंटला पगार यूपीआयने द्या म्हणजे आपोआप पुरावा राहतो.

आता अपघाताच्या दिवसाचं. रस्त्यावर पडलेल्या माणसाची मान पाठ दुखतेय किंवा पाय हलत नाहीयेत असं दिसलं तर त्याला उठवून बसवू नका, रिक्षात तर कोंबूच नका, १०८ ला फोन करा. हलवायचीच वेळ आली तर चारपाच जणांनी डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून लाकडाच्या ओंडक्यासारखं एकत्र वळवायचं. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर एमएलसी नोंद (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) झाली का ते विचारा. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, ती पण काउंटरवर आठवणीने विचारा.

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि गाडीच्या इन्शुरन्सची कॉपी घ्यायची. नियमाप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात रिपोर्ट ट्रिब्युनलला पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर घरी बसू नका. एफआयआर घाईत लिहिली जाते, आमच्या एफआयआरमध्ये गाडी कुठल्या बाजूने आली तेच उलटं लिहिलं होतं आणि इन्शुरन्स कंपनीच्या वकिलाने तेवढं एकच वाक्य धरून चूक दाजींचीच असं ताणत नेलं. म्हणून वाचून बघा, चुकलं असेल तर पुरवणी जबाब द्या.

अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने, १ एप्रिल २०२२ पासून. कोर्टात यावर बराच वाद झालाय पण आपण कशाला त्या भानगडीत पडायचं, मुदतीत टाका आणि मोकळे व्हा. अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी तिघांना पार्टी करायचं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही टाकता येतो, अपघात झालेल्या गावी जायची गरज नाही, व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनच्या योजनेत गंभीर जखमीला ५० हजार मिळतात, बस्स एवढेच.

रक्कम कशी निघते? समजा वय ३२, स्वतःचा धंदा, महिना २० हजार. स्वतःच्या धंद्यात चाळीशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्याने गुणतात तो आकडा) १६, म्हणजे ५३ लाख ७६ हजार. मेडिकल, अटेंडंट, वेदना, लग्नाचं आयुष्य हे सगळं वेगळं. अटेंडंटचे महिना १० हजार धरले तरी त्याच गुणकाने १९ लाख २० हजार होतात. काजल केसमध्ये (२०२०) सुप्रीम कोर्टाने अटेंडंटचा खर्च गुणकानेच काढलाय, तो निकाल वकिलाला आवर्जून दाखवा.

खरी मारामारी टक्क्यांवर होते. सिव्हिल हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटवर समजा ६० टक्के अपंगत्व आलं तर कंपनी म्हणते कमाईचं नुकसानही ६० टक्केच, आणि ५३ लाखाचे ३२ लाख होतात. हे मान्य करायचं नाही. राजकुमार वि. अजयकुमार या निकालाप्रमाणे शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे वेगळे. दाजी इलेक्ट्रिशियन, शिडीवर चढणारा माणूस, पाय गेले म्हणजे तो धंदा १०० टक्के गेला. हे डॉक्टरच्या तोंडून साक्षीत यायला हवं, आणि शक्यतो ऑपरेशन केलेल्याच डॉक्टरच्या, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो, तुम्ही ट्रीटमेंट केलीत का? डॉक्टरला साक्षीला आणणं हे मात्र अर्जापेक्षा अवघड काम, तीन तारखा तर नुसत्या त्यातच गेल्या. कमाईला आयटीआर असेल तर उत्तम, नाहीतर बँक स्टेटमेंट, गिऱ्हाइकांची बिलं, काहीही जमवा, कारण पुरावा नसेल तर बऱ्याचदा किमान वेतनावर येतात.

वकिलाबद्दल. अवॉर्डचे, म्हणजे मंजूर झालेल्या भरपाईचे, इतके टक्के माझे असं ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी सर्रास मागतात. फी आधी लिहून घ्या आणि कोऱ्या कागदावर सही तर अजिबातच नको. अपंग व्यक्तीला कायद्याने फुकट वकील मिळतो, जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, आम्हाला हे फार उशिरा कळलं.

कामावर पडून मणका गेला असेल तर रस्ता वेगळा, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असेल तर तिकडे, नसेल तर कामगार नुकसानभरपाईच्या तरतुदी, ज्या आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्यात, मुदत दोन वर्षं.

लोकअदालतीत तडजोडीला बोलावतील. जा, पण वही घेऊन जा, कारण तिथे सही केली की अपील नाही. आम्हाला पहिल्यांदा सांगितलेल्या आकड्यात पुढच्या अटेंडंटचा एक रुपया नव्हता. ताईने तिथेच वही उघडून महिन्याचा खर्च वाचून दाखवला आणि आम्ही सही न करता परत आलो.