फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी अन् स्प्रिंकलर: फ्लॅटवाल्यांनी काय बघून घ्यायचं

संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, फ्लॅटचा ताबा मिळाला की लोक पहिलं काम काढतात ते पीओपीचं. बिल्डिंग उंच असली तर स्लॅबला आधीच स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणारे नळ, बसवलेले असतात, सीलिंगवाला येतो, ते सगळे झाकतो अन् एलईडी पट्ट्या लावून जातो. घर भारी दिसतं, पण स्प्रिंकलर आता सीलिंगच्या वर अडकला. खोलीत आग लागली तर गरम हवा पीओपीला जाऊन थटते, वरच्या स्प्रिंकलरचा बल्ब, म्हणजे पाणी अडवून धरणारी काचेची कुपी, तिला झळ लागेपर्यंत खाली पडदे-सोफा सगळं पेटलेलं असतं, अन् बल्ब फुटला तरी पाणी पडणार सीलिंगच्या पाठीवर. म्हणून सीलिंग करायच्या आधी हे वाचा.

पहिलं काम, टेप घ्या अन् स्लॅबच्या तळापासून सीलिंगच्या पाठीपर्यंत किती पोकळी राहणार ते मोजा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ म्हणजे देशाची बांधकाम नियमावली, त्याप्रमाणं जिथं स्प्रिंकलर लागतात तिथं फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिमीपेक्षा जास्त उंच असली की त्या पोकळीतही वेगळे स्प्रिंकलर लागतात, म्हणजे वर एक रांग अन् खाली खोलीसाठी दुसरी. ८०० मिमी म्हणजे अडीच फुटाच्या थोडं वर. घरात आपण सहा इंच, फार तर फूटभर सीलिंग खाली घेतो, तिथं पोकळीत वेगळा स्प्रिंकलर लागत नाही, पण म्हणून खालचा सोडायचा नाही, स्लॅबचा पॉइंट पाइप वाढवून सीलिंगच्या खाली आणलाच पाहिजे. सगळ्यात जास्त गफलत होते ती एन्ट्रन्स लॉबी अन् क्लबहाऊसमधी, तिथं उंची भरपूर असते, डिझाइनसाठी सीलिंग चार-चार फूट खाली घेतात अन् वरच्या पोकळीचा विचार कुणीच करत नाही.

आता हे करून कसं घ्यायचं. प्लंबरला सांगू नका, लायसन्स असलेल्या फायर एजन्सीलाच बोलवा. ते त्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करतील, लाइनमधलं पाणी काढतील, मग पॉइंट खाली घेतील. वर पोकळीत स्प्रिंकलरचं तोंड म्हणजे हेड उभं पाहिजे, त्याला अपराइट म्हणतात, खाली खोलीत लटकतं, ते पेन्डंट. जोड झाले की सीलिंगचे बोर्ड बसायच्या आधी प्रेशर टेस्ट घ्यायला लावा, अमेरिकेच्या एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या नियमावलीत २०० पीएसआय दाबावर २ तास असं धरलेलंय, अन् तेवढा वेळ स्वतः उभं राहून गेजचा काटा बघा. काटा खाली आला म्हणजे कुठंतरी जोड झिरपतोय. बोर्ड बसल्यावर तोच जोड शोधायला अख्खं सीलिंग फोडावं लागतं. उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, अन् व्हॉल्व्ह किंवा जोडाखाली हात जाईल एवढं झाकण ठेवायला लावा. काम संपल्यावर व्हॉल्व्ह परत उघडलाय का ते तुम्ही स्वतः जाऊन बघा, कारण हे विसरलं तर अख्खा मजला कोरडा राहतो अन् कुणाला पत्ता पण लागत नाही.

बल्बचा रंग बघायचाच. लाल बल्ब ६८ अंशाला फुटतो, पिवळा ७९ ला, हिरवा ९३ ला. नियम असा की जागेचं जास्तीत जास्त तापमान जेवढं जाईल त्याच्यापेक्षा बल्ब साधारण ३० अंशांनी वरचा पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच पारा ४२-४३ ला टेकतो, शेवटच्या मजल्याच्या स्लॅबखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली बंद पोकळीत त्याहून जास्त तापतं, तिथं लाल बल्ब लावला की उन्हाळ्यात आग नसताना फुटायची भीती. तिथं पिवळा किंवा हिरवा मागा. खाली राहत्या खोल्यांत लालच ठीक.

पोकळीत काय भरलंय हे पण उंचीइतकंच महत्त्वाचं आहे. जीआय चॅनल म्हणजे लोखंडी पट्ट्यांची फ्रेम अन् जिप्सम बोर्ड असेल तर जळायला फार काही नसतं. पण प्लायची फ्रेम, पीव्हीसी पॅनल, थर्माकोल अन् त्यात वायरींचे गुंते असं असेल तर पोकळी उथळ असूनही आग आतल्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. माझं स्पष्ट मत आहे, स्वस्त पडतं म्हणून पीव्हीसी पॅनल घेऊ नका.

इलेक्ट्रिकची शाफ्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या केबली वर नेणारी उभी पोकळी, सगळे विसरतात. ती तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सलग उघडी असली तर धुरासाठी चिमणीच झाली की. प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या लेव्हलला केबलभोवतीची भोकं आगरोधक मटेरियलनं बंद पाहिजेत, नंतर इंटरनेटवाल्यानं नवीन भोक पाडलं तर तेही भरून घ्यायचं. शाफ्टमधी जुन्या चपला, रद्दी, सायकली ठेवल्या असतील तर आजच काढा.

माळ्यावर सामान रचताना स्प्रिंकलरच्या खाली ५०० मिमी जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी पसरतच नाही. अन् रंग देताना हेडला, त्याच्या गोल झाकणीला रंग लागू देऊ नका. लागला तर पुसत बसू नका, हेडच बदला.

यूट्यूबवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून काही जण म्हणतात की अशा पोकळ्यांत स्प्रिंकलर लागतच नाही. तिकडं चार मजल्यांपर्यंतच्या निवासी बिल्डिंगींना एनएफपीए १३आर वेगळं आहे, त्यात न वापरातल्या पोकळ्यांना अन् ५५ चौरस फुटांपर्यंतच्या बाथरूमला सूट मिळते. ती सूट आपल्या बारा मजली टॉवरला लावून चालत नाही. तुमच्या बिल्डिंगला कुठं काय लागतं ते फायर एनओसी अन् मंजूर नकाशात लिहिलेलं असतं, सोसायटीकडून त्याची कॉपी मागून घ्या.

अजून एक, पाण्याचं. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, टंचाईत काय हाल होतात ते आपल्याला सांगायला नको. पण उन्हाळ्यात फायर टाकीचं पाणी वापरायला काढू देऊ नका. घरगुती पाण्याचा आउटलेट टाकीत वरच्या बाजूला असला की खालचा फायरचा साठा आपोआप राहतो, सेक्रेटरीला टाकीपाशी नेऊन हे दाखवून घ्या.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणं यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्याची आहे, अन् दरवर्षी जानेवारी अन् जुलैत लायसन्स एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरून घ्यायचा असतो. एजन्सीचा माणूस आला की त्याला नुसतं पंपरूममधून परत पाठवू नका, सीलिंगचं झाकण उघडून टॉर्च मारून पोकळी दाखवा, मगच सही घ्या.