तौलनिक लघुप्रबंधाचा विषय कसा निवडावा आणि कसा तडीस न्यावा

एमएच्या दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे विषय घेऊन येतात, तेव्हा कागदावर बहुधा असं काहीतरी असतं: ‘बौद्ध धर्म आणि वेदान्त: एक तुलना’. मी कागद परत देते. असल्या विषयावर पानं भरतात खरी, पण दोन्हीकडे करुणा आहे आणि दोन्हीकडे मुक्ती आहे, यापलीकडे हाती काही लागत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की अख्खा धर्म दुसऱ्या धर्माशी ताडायला जाऊ नका. उतारा उताऱ्याशी ताडा. उतारा एका बैठकीत मुळातून वाचून होईल एवढा हवा आणि त्यावर जुनी टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, उपलब्ध हवी.

मी नेहमी देते तो नमुना सांगते. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद) आणि उपेक्षा (हेळसांड नव्हे, तटस्थपणा) या चार भावना दीघनिकाय या पाली बौद्ध सुत्तसंग्रहातल्या तेविज्जसुत्तात आहेत, पतंजलींच्या योगसूत्राच्या पहिल्या पादातल्या (भागातल्या) ३३व्या सूत्रात आहेत आणि जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही आहेत. तिथे मुदितेच्या जागी प्रमोद आणि उपेक्षेच्या जागी माध्यस्थ्य येतं, एवढंच. ‘पाहा, सगळे एकच सांगतात’ असं म्हणून बरेच जण इथेच वही मिटतात.

तुम्ही मात्र तक्ता आखा. पहिल्या रकान्यात लिहा: ही भावना कोणाविषयी धरायची? तेविज्जसुत्तात चारही भावना चारी दिशांना, वर, खाली, सगळ्यांवर सारख्याच पसरायच्या असतात. योगसूत्र माणसांची वाटणी करतं: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा. तत्त्वार्थसूत्रात मैत्री सर्व जीवांशी, पण प्रमोद गुणांनी श्रेष्ठ असणाऱ्यांविषयी, कारुण्य क्लेश भोगणाऱ्यांविषयी आणि माध्यस्थ्य अशांविषयी, ज्यांना काही शिकवता येत नाही. दुसरा रकाना: हे कशासाठी? सुत्तात विषय ब्रह्म्याच्या सहवासाला नेणाऱ्या मार्गाचा चालला आहे, योगसूत्रात चित्त प्रसन्न करण्याचा, तर जैन सूत्र अहिंसादी व्रतांच्या विवेचनात येतं. यादी तीच, कामं तीन.

तिसरा रकाना सर्वांत मोलाचा: साधनेत हिचं स्थान कुठलं? तो टीका उघडल्याशिवाय भरता येत नाही. पाली भाष्यकार बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथाचं नववं प्रकरण काढा. ध्यानाच्या चढत्या चार पायऱ्यांपैकी मैत्री, करुणा, मुदिता तिसऱ्या ध्यानापर्यंत नेतात. चौथं ध्यान फक्त उपेक्षेतून. म्हणजे उपेक्षा ही चौघींत सर्वांत वरची. शिवाय तिची ‘जवळची शत्रू’ कोण, तर अज्ञानातून आलेली बेफिकिरी, हेही बुद्धघोष बजावून ठेवतात. आता योगसूत्राच्या तिसऱ्या पादात ‘मैत्र्यादिषु बलानि’ या सूत्रावरचं व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रावरची जुनी टीका, वाचा. तिथे म्हटलंय की पापशीलांविषयीची उपेक्षा ही भावनाच नव्हे, त्यामुळे तिच्यात समाधीही नाही. एका परंपरेत जी शिखरावर, ती दुसरीत गणतीतूनच बाद! लघुप्रबंधाला एवढा प्रश्न पुरतो: असं का? पहिल्या रकान्याकडे परत गेलात की उत्तराचा धागा दिसायला लागतो. उपेक्षा सर्वांविषयी समभाव असेल तर तिच्यावर ध्यान उभं राहतं. ती फक्त पाप्यापुरती असेल तर ते कशावर उभं राहणार? हे माझं मत. तुम्ही ते खोडून दाखवलंत तर अधिक आवडेल.

‘कोणी कोणाकडून घेतलं’ या वादात मात्र शिरू नका. योगसूत्राच्या आणि तत्त्वार्थसूत्राच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही, आणि तिघांनीही श्रमणांच्या (घर सोडून साधना करणाऱ्यांच्या) सामायिक शिदोरीतून उचललं असण्याची शक्यता राहतेच. एक परिच्छेद लिहा आणि पुढे चला.

भाषेचं काय? एक तरी मूळ भाषा लागतेच, अनुवादावर तक्ता भरू नये. संस्कृत येत असेल तर पालीला घाबरण्याचं कारण नाही. धम्मपदाच्या ४२३ गाथांपासून सुरुवात करा, रोज थोड्या, व्याकरण शेजारी ठेवून. महायानाकडे वळायचं असेल तर पुढे तिबेटी किंवा चिनी लागेल. तो निर्णय एमएत घाईने घेऊ नका.

तुमची श्रद्धा कुठली, हे मी विचारत नाही. पण आपल्या परंपरेला जो प्रश्न विचाराल तोच दुसरीलाही विचारा आणि त्याच कडकपणे. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं हेच चाचपतात.

शेवटचं काम कंटाळवाणं, पण गुण तिथेच जातात: संदर्भ. पाली टेक्स्ट सोसायटीची रोमन आवृत्ती आणि भिक्खू जगदीश काश्यपांनी संपादित केलेली नालंदेची देवनागरी आवृत्ती यांची पानं जुळत नाहीत. म्हणून निकाय, सुत्ताचा क्रमांक (तेविज्जसुत्त दीघनिकायात १३वं) आणि मग आवृत्तीसह पान द्या. तत्त्वार्थसूत्राच्या बाबतीत पाठ कुठला तेही लिहा, कारण मैत्रीचं हे सूत्र दिगंबर पाठात सातव्या अध्यायातलं ११वं आहे आणि श्वेतांबर पाठात ६वं.